आटे गेलेला नट

फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक सायकलीचा ब्रेक शिपाईमामा आधी दाबून बघायचे आणि मग मुलीच्या तोंडाकडं. आमची शाळा देवगाव फाट्यापासून थोडी आत. आजूबाजूच्या गावांतून, तांड्यांवरून मुली सायकलीवर यायच्या. कुणाचा ब्रेक सैल लागला की मामा सायकल तिथंच बाजूला लावायचे आणि मधल्या सुट्टीत पाना घेऊन तिच्यापुढं उकिडवे बसायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना स्वतःला तर सायकल चालवताही येत नव्हती. मी एकदा त्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "आमच्या घरी सायकल नव्हती, मॅडम. अन् दुसऱ्याची मागितली तर आमाला कुणी दिली असती?"

मुलींना सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकली कुठल्याशा लांबच्या कंपनीच्या होत्या आणि त्यांचं सुटं सामान आमच्या भागात कुणी ठेवत नसे. दुकानदार सांगायचे, पूर्ण ब्रेकच बदला. पण त्या सायकलीला बसणारा पूर्ण ब्रेकही त्यांच्याकडं नसायचा. मग मामा झिजलेला तुकडा नमुना म्हणून खिशात टाकून रविवारी एसटीनं सेलू, मानवत, परभणी पालथी घालायचे. दुकानदारानं जुन्या सामानाचा डबा पुढं सरकवला की खाली बसून एकेक स्प्रिंग, एकेक वायसर नमुन्याशी लावून बघायचे. सोमवारी त्यांच्या नखांत काळं ग्रीस असायचं. मिळालं का, असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर, "मिळंना. पुढच्या ऐतवारी बगू."

रिमला घासणाऱ्या रबरांना सायकलवाले गुटके म्हणतात. नव्यानं आलेल्या मुख्याध्यापकांनी एकदा मामांच्या फुगलेल्या खिशाकडं बोट दाखवून काय आहे विचारलं, आणि मामा सरळपणे "गुटके हायत, सर" म्हणाले. सरांचा चेहरा असा काही पडला की आम्ही आठवडाभर हसत होतो. मामा मात्र हसले नाहीत. ब्रेकच्या बाबतीत ते हसतच नसत.

नववीतली आश्विनी सहा किलोमीटरवरून यायची. तिच्या वाटेवर एक उतार थेट हायवेवर उतरतो आणि तिथून ट्रक कसे सुटतात ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एका दुपारी तिचा मागचा ब्रेक लागेना. वायर आवळून धरणारा बारीक नट असतो, मधे सुईएवढं भोक असलेला. त्याचे आटे गेले होते. मामांनी तारेनं बांधून बघितलं. ब्रेक दाबला की वायर निसटायची. तीनदा बांधलं, तीनदा निसटलं. शेवटी त्यांनी सायकलीला कुलूप लावलं.

"नट मिळंपर्यंत चालत ये, नाहीतर बापाला सोडायला सांग."

"मामा, मी पाय घासत जाईन ना हळूहळू," आश्विनी म्हणाली.

"नाही म्हणलं ना, बाळा. ब्रेक नाही तर सायकल नाही."

ती दोन दिवस चालत आली. तिसऱ्या दिवशी आली नाही.

त्या रविवारी मामांना नट मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात मी भाचीच्या लग्नाला नांदेडला निघाले होते. मामांनी कागदाच्या पुडीत तो जुना नट बांधून माझ्या हातात दिला. वरून पोतं शिवायचा दोरा गुंडाळून दोन गाठी मारलेल्या. म्हणाले, "नांदेडात मिळतोच, मॅडम. पोरगी येईना, लय फिकीर लागलीय." मी पुडी पर्समध्ये टाकली. लग्नाच्या गडबडीत ती विसरले, अगदी साफ विसरले. सोमवारी मामा फाटकात समोर आले तेव्हा आठवलं, आणि तोंडातून निघून गेलं, "दोन-तीन दुकानं बघितली मामा, नाही मिळाला."

मी पुढं केलेली पुडी मामांनी हातात घेतली. क्षणभर तिच्याकडं बघत राहिले. दोऱ्याच्या गाठी त्यांनी मारल्या तशाच होत्या. मलाही त्या तेव्हाच दिसल्या. "बरं," म्हणाले, आणि पुडी खिशात टाकून घंटा द्यायला गेले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून काही मागवलं नाही.

पुढच्या रविवारी परभणीत एका डब्याच्या तळाशी त्यांना तो नट मिळाला. सोमवारी शाळा सुटल्यावर त्यांनी तो बसवला आणि सायकल हातात धरून, चालवता येत नसल्यामुळं ढकलत, ते सहा किलोमीटर गेले. काय झालं ते दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं. आश्विनीच्या बापानं तिची शाळा सोडवली होती. "सायकल नाही म्हणून घरी राहिली, आता कापूस येचायला जायलीय. बस झालं शिकणं," म्हणाला. आश्विनी बाहेर आली आणि तिनं ब्रेक दाबून बघितला. "लय चांगला लागायलाय, मामा," एवढंच बोलली आणि घरात गेली.

मुख्याध्यापक आणि मी दोनदा तिच्या घरी जाऊन आलो. बाप चहा पाजायचा, मान हलवायचा आणि मुलगी शाळेत यायची नाही. चार वर्षांनी तिचं लग्न झाल्याचं कळलं. तोवर मामा निवृत्त झाले होते.

मामा गेले त्याच्या पंधरा दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले. पोटाच्या दुखण्यानं अंगात काही उरलं नव्हतं. मी शाळेचं, इकडचं-तिकडचं बोलत राहिले आणि मग सगळं एकदम बोलून टाकलं. "मामा, नांदेडात मी एकाही दुकानात गेले नव्हते."

"ठावं हाय मला."

 मग म्हणाले, "तुमी आणला असता तरी तिच्या बापानं दुसरं कायतरी काढलंच असतं."

मला हलकं वाटलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण मंग ते पाप त्याच्या पदरी पडलं असतं, मॅडम. आता आपल्या पदरी हाय. आधी माज्या. सायकल मीच अडवली ना."

 सुनेनं चहा आणला. मामांना स्वतःला तो चालत नव्हता. पण माझी बशी रिकामी होईपर्यंत ते मान वळवून माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणत राहिले, "घ्या मॅडम, गार व्हायलाय."