नसीमचं प्रश्नचिन्ह

“नसीम गेली, बेटा…” एवढं बोलून तिच्या अम्मी फोन तसाच धरून बसल्या. ऑफिसच्या बसमध्ये मीही. शेजारची मुलगी लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होती आणि मला तिचा उगाचच राग आला. त्याला आता दीड महिना होईल. अजूनही कुणी सहज ‘आपण काय करणार’ असं म्हटलं की मी मान वळवून पाहते. का, ते सांगायचं तर विद्यापीठातल्या त्या उन्हाळी वर्गापर्यंत मागे जावं लागेल.

त्या उन्हाळ्यात निम्मं पुणं कम्प्युटर शिकत होतं आणि आम्ही मूठभर जण राजकारण आणि नागरिकांचा सहभाग. “निवडणुकीला उभी राहणार असशील तर आधी सांग, घर बदलतो,” असं माझे बाबा म्हणाले होते. पहिल्याच दिवशी सरांनी मला विचारलं, नळाला पाणी आलं नाही तर काय करता? मी म्हणाले, “आपण काय करणार!” मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, वाक्य बरोबर आहे. फक्त शेवटी प्रश्नचिन्ह राहिलंय.” ती नसीम. वडील खडकीला कारखान्यात. हिची मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. मधल्या सुट्टीत मी भांडायला गेले आणि मैत्रीण घेऊन परतले.

वर्गात प्रत्येकाला आपल्या भागातल्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करायचा होता. नसीमने घरासमोरचा रस्ता निवडला. तो रुंद झाल्यापासून गाड्या सुसाट जायच्या आणि गुडघ्यांनी अधू झालेल्या अम्मींनी पलीकडे राहणाऱ्या बहिणीकडे जाणंच सोडलं होतं. पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल हवा, एवढीच मागणी. नसीम महापालिकेतल्या साहेबांसमोर बसून अत्यंत अदबीने विचारायची, “आपण काय करणार?” हे ‘आपण’ म्हणजे साहेबांना दिलेला मान की सगळ्यांना मिळून घातलेली हाक, ते त्यांना कळायचं नाही. एकदा ते खांदे उडवून म्हणाले, “हो ना, आपण काय करणार!” नसीम म्हणाली, “तेच विचारतेय. अर्ज मी लिहिलाय. सही आपण करा.”

वर्ग संपला. मी सॉफ्टवेअरमध्ये गेले, ती शाळेत शिकवू लागली. पाठपुरावा मात्र तिने सोडला नाही. साहेब बदलत गेले, प्रश्न तोच. अखेर सिग्नल लागला, तर गाड्या थांबेनात! मग ही पट्ट्यांवर उभी राहून एकेका दुचाकीवाल्याला हात करून विचारायची, “आपण काय करणार? थांबणार?” बहुतेक जण ओशाळून थांबत. अम्मी तिचा हात धरून पलीकडे जात. तिच्याशिवाय त्या कधीच रस्त्यावर उतरल्या नाहीत.

आजार फार उशिरा कळला. डॉक्टर बोलून गेले, त्या दुपारी ती खिडकीकडे पाहत म्हणाली, “आता आपण काय करणार…” शेवटी आवाज चढेल म्हणून मी वाट पाहत राहिले. तो चढला नाही. इतक्या वर्षांत ते वाक्य तिच्या तोंडून तसं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला ते सोसलं नाही. पाणी आणते म्हणून मी बाहेर गेले आणि जिन्यात बसून रडले.

गेल्या रविवारी अम्मींकडे गेले. बहिणीला भेटायचंय म्हणाल्या, म्हणून दोघी सिग्नलपाशी आलो. आमचा दिवा हिरवा झाला तरी एक मोटरसायकल पट्ट्यांवर चढून घुरघुरत होती. मी अम्मींना मागे ओढणार, तोच परक्या माणसाशी कधी न बोलणाऱ्या अम्मींनी हात वर केला. “आपण काय करणार?” आवाज कापत होता, पण शेवटचा चढ अगदी तिचा. त्या मुलाने गाडी मागे घेतली. आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडे पोहोचल्यावर अम्मी हसून शेजारी वळल्या, सवयीने काही सांगायला… आणि मला पाहून गप्प झाल्या.