सूर्य जागेवर आला की

परमेश्वराने सूर्य निर्माण केला तो पृथ्वीला उजेड मिळावा म्हणून नव्हे, तर डिशच्या छत्रीला जागा शोधता यावी म्हणून, अशी माझ्या साडूंची पक्की समजूत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आदिलाबादजवळच्या बेल्याकडे एका खेड्यात कापूस आणि ज्वारी पिकवतात, पण जीव सगळा दुसऱ्यांच्या छपरांवर. नात्यागोत्यात कुणी टीव्ही घेतला की छत्री कुठे आणि कशावर बसवायची हे ठरवायला हे हजर. बोलावणं लागत नाही. स्वतःच्या घरात मात्र टीव्ही नाही. चित्र आलं, आवाज आला, की टोपी घालून उठतात. "आलं ना? मंग झालं. आता त्याच्यात काय पाह्यचं हाय?"

उपग्रह काही डोळ्यांना दिसत नाही, सूर्य दिसतो. तेव्हा सूर्याला विचारायचं, ही त्यांची रीत. दसऱ्याच्या आणि होळीच्या सुमारास, अकराच्या आसपास, आग्नेयेकडचा सूर्य नेमका उपग्रहाच्या वाटेवर येतो म्हणे. त्या वेळी छपरावर स्टूल टाकायचं, टोपी काढायची आणि टक्कल उन्हात धरून बसायचं. फांदीची, टाकीची, तारेची सावली टकलावर पडली की स्टूल सरकवायचं. सगळं टक्कल सारखं तापलं की तीच छत्रीची जागा. दुकानदाराकडे यासाठी यंत्र असतं, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "यंत्राले घाम येते का?"  बाकीच्या महिन्यांत 'सूर्य जागेवर नसतो', म्हणून ते खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. माझ्या एका मेव्हण्याने वैशाखात टीव्ही घेतला, त्याला यांनी दसऱ्यापर्यंत थांबवलं. बिचाऱ्याच्या घरी पाच महिने त्या खोक्यावर चादर घालून पाहुण्यांना चहा दिला जात होता. आणि एकदा तर एका घरी सांत्वनाला गेलो असताना, बायामाणसं रडत असताना, हे माझ्या कानाशी लागले, "साडभाऊ, दांडा कलला हाय पाह्यलं का? चिंच आडवी येते त्याले." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो, पण गेल्या वर्षी गाठ माझ्याच छपराशी पडली. सासरे वारले आणि सासूबाई पैनगंगेपलीकडच्या त्यांच्या गावी एकट्या उरल्या. साखरेचा आजार, गोळी घेतली की नाही हेही आठवत नाही. आम्ही राहतो आदिलाबादला, दवाखाना हाकेवर, म्हणून आम्ही त्यांना इकडे आणलं. पण लेकीच्या घरी दोन दिवस पाहुणी म्हणून राहायचं, तिसऱ्या दिवशी निघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यात आमची गल्ली सगळी तेलुगू, केबलवरही तेलुगूच. त्या टीव्हीपुढे बसत आणि विचारत, "हे बाई काऊन रडून राह्यली?" आम्ही सुचेल ते कारण सांगायचो. आठवड्यातून दोनदा त्या पिशवी भरत. त्या रिकाम्या घरात त्यांना चक्कर आली तर कोण बघणार, या काळजीने माझी बायको रात्र रात्र जागी असायची. निदान मराठी मालिका दिसल्या तर त्या रमतील, म्हणून मी भाद्रपदात डिश आणली.

साडूंनी खोकं उघडू दिलं नाही. "दसरा येऊ द्या." मी भडकलो. छत्री काय घटस्थापनेला बसवायची आहे का, असंही बोललो. काही उपयोग झाला नाही. शेवटी नवरात्रात ते आले, चार दिवस छपरावर तापले आणि कोपऱ्यातल्या खांबावरची जागा पक्की केली. ओळंबा म्हणून दोऱ्याला आमच्या दाराचं कुलूप बांधलं, त्यामुळे तेवढे दिवस आम्हाला एकत्र बाजारात जाता आलं नाही.

पण सासूबाई अडून बसल्या. "जवाईबापू, भोकं पाडू नका, सिमीट लावू नका. मी काय इथं कायमची राह्यतो का? काढता येईन असं बसवा." सासूचा शब्द कसा मोडायचा? म्हणून तेलाच्या पिंपात रेती भरून त्यात दांडा उभा केला. पहिल्या दिवशी मराठी ऐकून सासूबाईंचा चेहरा असा खुलला की मीही मालिका शेवटपर्यंत पाहिली. आठ दिवसांनी वानरांची टोळी आली. एक हुप्प्या छत्रीवर झोके घेऊन गेला, पिंप लवंडलं आणि ऐन भांडणाच्या प्रसंगात नायिका गायब झाली. "चित्रबी गेलं, आता मीबी जातो," म्हणून सासूबाईंनी पिशवी काढली.

बायकोने रडत फोन केला. दुपारी साडू सिमेंटची गोणी घेऊन दारात. वरच्या मजल्यासाठी कोपऱ्यातल्या खांबावर मी सळया सोडल्या होत्या, त्या सळयांनाच त्यांनी दांडा तारेने आवळला आणि भोवती फळ्या लावून काँक्रीट ओतलं. मी ओरडलो, "अहो, माझा वरचा मजला!"

"कोणासाठी पायजे वरचा मजला? माणूस तर खाली हाय."

खालून सासूबाईंनी विचारलं, "जवाईबापू, आता हे काढता कसं येईन?"

"नाई येत, आई," साडू वरून म्हणाले. "आता घर पाडा लागते."

सासूबाईंनी एकदा वर बघितलं. मग आत गेल्या आणि पिशवीतली लुगडी काढून फळीवर लावू लागल्या. आता दवाखान्यात कुणी विचारलं तर 'आमचं घर' म्हणतात. तेवढं ऐकलं की मला माझा वरचा मजला पोहोचला.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी साडूंच्या गावी गेलो. अंगणात एक लोखंडी दांडा रोवलेला, बुडाशी चांगला चौथरा, काटकोनात सरळ. वर छत्री नाही. ओलं धोतर वाळत होतं. हा कशाला, म्हणून विचारलं तर साडू गोठ्याकडे निघून गेले. मेहुणीबाई म्हणाल्या, "आई आपल्याकडं राह्यतीन म्हणून बाबा गेल्यावर आलेल्या होळीलेच गाडला. टीव्हीबी पाहून ठेवला होता यायनं. मंग ती दवाखान्यासाठी तुमच्याकडे आली."

  घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मले कोणी सांगतलं नाई. दोन महिने जातो तिकडं." गोळ्यांची पुडी बांधून देईन, त्यांच्यावाचून घर खायला उठेल, पण नेऊन सोडीन. तसा साडूंना फोन केला. उद्याच आणतो म्हटलं.

 पलीकडून साडू म्हणाले, "उद्या नोका आणू, साडभाऊ. होळीले आणा. तवा सूर्य जागेवर असते."