पाहुण्याचं गाणं

माझ्या धाकट्या भावाला रस्त्यात कुणी नावाने हाक मारत नाही. "काय पाहुणे, कधी निघताय?" असंच विचारतात. भाजीवाली विचारते, बँकेतला कारकून विचारतो. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही त्याच्या तोंडात चिमटा घालून. बिचारा सांगणार काय, कपाळ!

टीव्हीवरच्या मालिकेत तो दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा झाला होता. कामही खरं तर दोनच दिवसांचं. पण पहिल्याच दिवशी त्याने "उशी जरा उंच मिळेल का?" हे वाक्य असं काही सुरात, लांबवून म्हटलं की कॅमेरावाला पोट धरून खाली बसला. लेखकाने पाहुण्याला ठेवून घेतलं. तो नऊ वर्षं हलला नाही.

हा सूर आला कुठून, ते मला विचारा. सोळाव्या वर्षी तो एका संगीत नाटक कंपनीत गायला लागला, आणि त्याच्यावर नजर ठेवायला म्हणून घरच्यांनी मला तिथल्याच कपडेपटात चिकटवलं. मी थोरली ना, सगळी ओझी थोरलीच्याच डोक्यावर. पण आवाज काय होता महाराजा! तो गायला लागला की इस्त्री हातात तशीच राहायची माझ्या. दोन सदरे जाळलेत मी त्यापायी. पुढे नाटकाला माणसं येईनाशी झाली, कंपनीने गाशा गुंडाळला आणि गाणारा गडी विनोदी नट झाला.

तक्रार नाही हो. मालिकेने त्याला घर दिलं, मान दिला, माणसांचं प्रेम दिलं. पण आंघोळीला गेला की तो जुनी गाणी म्हणायचा, आणि दाराबाहेर त्याचीच मुलगी खिदळायची. गाणं विरहाचं, तरी ही हसतेय! "बाबा गायला लागले की हसूच येतं, आत्या," म्हणायची. तो आतून नळ मोठा सोडायचा. मला ते फार लागायचं.

त्यात स्टुडिओची एक खोड त्याच्या अंगात भिनली होती. तिथे समोर प्रेक्षक नसतात, हसण्याचा आवाज मागाहून भरतात. म्हणून आवाजवाल्याने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, वाक्य संपलं की थांबायचं, मनात एक-दोन मोजायचं, त्या जागेत आम्ही हसू घालू. नऊ वर्षं हेच केल्यावर आणखी काय होणार? घरी जेवताना "मीठ कमी आहे," म्हणायचा आणि घास हातात धरून थांबायचा. माझी भावजय म्हणायची, "हसले मी. जेवा आता."

मालिका संपली, त्याच सुमाराला आमच्या कंपनीचे जुने मास्तर काठी टेकत घरी आले. त्यांना एक जुनं नाटक पुन्हा उभं करायचं होतं. त्यात बंदरावर दिवे लावणारा एक म्हातारा असतो. समुद्रावर गेलेला त्याचा मुलगा परत येत नाही, आणि शेवटी हा बंदरावर उभा राहून त्याला हाका मारणारं गाणं म्हणतो. ते काम धाकट्याने मागून घेतलं. बावन्न वर्षांचा माणूस, पण हात जोडून मागितलं.

मास्तर म्हणाले, "गळ्याची शंका नाही मला. पण तू दिसलास की लोक हसतात. शेवटच्या गाण्याला हसले, तर नाटक मेलं. पहिल्या प्रयोगाला तसं झालं, तर दुसऱ्याला मी दुसरा माणूस उभा करणार. राग मानू नकोस."

"नाही मानणार," तो म्हणाला. आणि दोन महिने मन लावून तालमी केल्या. एकदाही चुकला नाही.

रविवारी दुपारी चारला प्रयोग. थिएटर भरलेलं. मी पुन्हा कपडेपट सांभाळायला विंगेत, तोंडात टाचण्या. हा कंदील घेऊन स्टेजवर गेला मात्र, मागून कुणीतरी ओरडलं, "पाहुणे आले!" झालं! सगळं थिएटर खदखदलं. माझ्या तोंडून अशी शिवी निघाली की टाचण्या पडल्या. तरी पुढचे प्रवेश त्याने सावरून नेले. हसू थोडं थोडं येत राहिलं, पण ते चालण्यासारखं होतं.

मग शेवटचं गाणं आलं. पहिली ओळ सुंदर म्हटली. आणि थांबला! तालमीत कधी नाही ते, भीतीने ती मेली खोड उफाळून आली. एक, दोन. लोकांना काय, जागा मिळाली, हसले. पेटीवाल्या बाईंनी घाबरून माझ्याकडे बघितलं. मी काय करू? तिथे का मला ठिगळ लावता येतंय!

दुसरी ओळ. पुन्हा थांबला. पुन्हा थोडे हसले. पण मी त्याचा चेहरा बघत होते. तो हाक मारून उत्तराची वाट बघत होता, खरंच कान देऊन. समुद्राकडून काही येत नव्हतं. तिसऱ्या ओळीनंतर हसायला फक्त एकच माणूस उरला, आणि तोही ओशाळून गप्प झाला. चौथीला तो थांबला तेव्हा एवढ्या माणसांत एक खुर्ची करकरली नाही. बाईंनीही पेटीवरचे हात उचलून धरले होते.

पडदा पडला आणि तो विंगेत येऊन कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसला.

"ताई, मेलो मी. शेवटी एकही माणूस हसला नाही."

"अरे गाढवा," मी म्हटलं, "हेच तर हवं होतं ना तुला!"

बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या, मास्तर काठी आपटत त्याला बोलावत होते. त्यांच्यामागून त्याची मुलगी आली. तिचं नाक लाल झालं होतं. तिने येऊन त्याच्या गळ्यात हात टाकले.

त्याने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चांगलं झालं का गं, ताई?"

उभ्या जन्मात मी त्याला चांगलं म्हटलेलं नाही. डोक्यावर चढून बसेल, अशी भीती वाटायची.

"चांगलं झालं," मी म्हटलं. "फार चांगलं झालं रे."

तेव्हा तो रडायला लागला. तोंडाला लावलेला सगळा रंग मी सकाळी कडक इस्त्री केलेल्या त्याच्या कॉलरवर उतरला, आणि मी त्याला तसंच प्रेक्षकांपुढे ढकललं.