मानेवरची पावडर

नॉटिंगहॅमबाहेरच्या, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या नव्या कारखान्यात मी प्रॉडक्शन सुपरवायझर म्हणून रुजू झालो, तेव्हा क्लीनरूम पहिल्यांदा पाहून माझी बोलतीच बंद झाली. ऑपरेशन थिएटरही तिच्यापुढे कळकट वाटावं. हवेत धुळीचे कण किती, हा आकडा तिथे स्क्रीनवर सतत दिसत असतो. नखशिखांत पांढरा सूट चढवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

नियमांच्या बाबतीत मी खाष्ट सासूच होतो. मस्कारा लावून आलेल्या एका टेक्निशियनबाईंना मी सगळ्यांसमोर तोंड धुवायला परत पाठवलं होतं. मेकअपला बंदी म्हणजे बंदी!

एरवी मी काचेबाहेरूनच लक्ष ठेवायचो. पण पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेफर्सची, म्हणजे ज्यांच्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकत्यांची, पेटी मशीनवर चढायची होती, त्या सकाळी मी हौसेनं आत मशीनपाशीच उभा राहिलो. आणि आकडा वाढू लागला. तशा हवेत पेटी उघडली असती तर कित्येक आठवड्यांचं काम कचऱ्यात गेलं असतं. मी फिल्टर तपासायला लावले, सगळ्यांना सूट बदलायला लावले, वर आरडाओरडा केला. मी फोन घ्यायला बाहेर गेलो की आकडा उतरायचा, आत आलो की चढायचा. हे लक्षात आलं त्या बाईंच्याच.

त्या हळूच म्हणाल्या, “रागावू नका, पण आज अंगाला काही लावलंय का तुम्ही?”

मी कशाला मेकअप करतोय, असं म्हणणार होतो, तेवढ्यात मला सकाळची अंघोळ आठवली. अंघोळीनंतर मानेला, छातीला पावडर थापल्याशिवाय मी लहानपणापासून घराबाहेर पडलेलो नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते हे असं. चिमूटभर पावडर, पण एवढ्या जाड सुटातूनही त्या खोलीनं ती हेरली होती. मी थक्क झालो आणि शरमलोही. बाईंची माफी सगळ्यांसमोर मागितली, कारण अपमानही सगळ्यांसमोरच केला होता. पेटी त्या दिवशी उघडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी नुसती अंघोळ करून आत गेलो. बाईंनी पेटी चढवली. मशीनच्या हातानं पहिली चकचकीत वेफर अलगद उचलली, पण सगळ्यांचे डोळे आकड्यावर होते. आकडा जागचा हलला नाही. मी तिथे उभा आहे, हे त्या खोलीला कळलंच नव्हतं. जन्मभर चारचौघांत उठून दिसायला धडपडलेल्या माझ्यासारख्याचे डोळे आनंदानं भरून आले, आणि हातमोज्यांनी ते पुसायचीही सोय नव्हती.