भाजलेली माती

“माझ्या बांधावरची माती कोणं भाजली?” मामी अशी ओरडली की चोरखमाऱ्याच्या तलावावरचे बगळे उडून थेट नागझिऱ्यात उतरले असावेत. भाजली होती मीच, आणि भट्टीवाल्यानं नेमकी चुगली केली होती. मुरमुऱ्यांच्या भट्टीचा करपट वास आला की ती सकाळ अजून आठवते. बांध बरड, पाण्याला पारखा, आणि मामीनं त्यावर माहेरून आणलेल्या तुरीचं उरलंसुरलं सगळं बी लावलेलं. गवताचं बी मरावं म्हणून पेरणीआधी मी तिच्या नकळत अर्ध्या बांधाची माती भट्टीत लाल होईस्तोवर भाजून परत पसरली होती. न भाजलेल्या अर्ध्यावर तुरीनं गवताला पार झाकून टाकलं. माझ्या अर्ध्यावर मात्र कुठून तरी आलेलं गवत हत्ती लपेल एवढं वाढलं, आणि तूर पिवळी, वीतभर. मामीनं दोन्हीकडचं एकेक रोप उपटून माझ्या नाकासमोर धरलं. तिकडच्या मुळांना मोहरीएवढ्या गाठी लगडलेल्या, माझ्याकडच्या मुळांना एकही नाही. त्या गाठींत राहून तुरीला पोसणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव मी मुरमुऱ्यांसारखे फोडले होते. “मामी, मी त गवताले मारून राहिलो होतो,” मी म्हटलं. तिनं पिवळ्या तुरीकडे पाहिलं आणि म्हणाली, “तिकडची माती आणून हिच्या मुळाशी टाक. कच्चीच टाक.”