इथले का बाहेरचे?

भोयरकाका कोणाच्याही हातून काहीही घेण्याआधी एकच प्रश्न विचारत, "तुमी इथले का बाहेरचे?" नागपुरात सदरला माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले, तेव्हा चहा आणणाऱ्या बाईंनाही त्यांनी हेच विचारलं. "खालच्या टपरीची आहो जी," बाई म्हणाल्या, तेव्हा कुठे त्यांनी कप उचलला. मग मोर्चा माझ्याकडे वळला. "आन् तुमी, वकीलबाई? या हाफिसातल्याच का बाहेरून येता?" सकाळी सकाळी माझीच उलटतपासणी, तीही माझ्याच खुर्चीत! "ऑफिस माझंच आहे," मी तोऱ्यात म्हटलं. "मंग ठीक हाय," म्हणून त्यांनी चहा प्यायला घेतला.

नागपूरजवळच्या पारशिवनीत त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. सडपातळ अंग, पांढरा शर्ट, नागपूरच्या उन्हातही गळ्यापर्यंत लावलेली बटणं. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि सुमनताई, दोघंच. ताईंच्या पित्ताशयात खडे झाले आणि ऑपरेशनसाठी काका त्यांना नागपूरच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात घेऊन आले. ताईंना भीती कापाकापीची नव्हती, भुलीची होती. "मंग जागच नाही आली तं?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. काकांनी काउंटरवर चौकशी केली. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काळजी नका करू काका, भूल देणारे आपलेच डॉक्टर आहेत." स्ट्रेचर आत जाताना काकांनी तेच बायकोला सांगितलं, "काहून भेऊन राहिली वं? आपलेच डॉक्टर हायेत."

ताई हसल्या आणि आत गेल्या. ऑपरेशन नीट झालं. पण त्या पुरत्या शुद्धीवर यायच्या आत भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यातल्या ऑपरेशनला निघून गेले. इकडे ताईंचा श्वास मंदावत गेला आणि कोणाचंच लक्ष नव्हतं. त्यांना जाग आलीच नाही. नंतर दवाखान्याने काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "ते डॉक्टर बाहेरचे आहेत. बोलावलं की येतात. त्यांच्या चुकीशी आमचा संबंध नाही."

हे सगळं ऐकून मी त्यांना कायदा समजावायला लागले, नुकसानभरपाईचं सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "ते राहू द्या. मले एकच सांगा. मी तिले खोटं बोललो का? शेवटचा शब्द होता जी माझा. तो खोटा निघाला तं मी कोणत्या तोंडानं जगू?"  मी वही ओढली आणि काउंटरवरच्या मुलीचं ते वाक्य शब्दशः लिहून घेतलं.

ग्राहक आयोगात तारखा पडत गेल्या. तारखेला काका सकाळच्या बसने येत, सोबत स्वतः केलेला डबा. पोळ्या जाड आणि भाजी हमखास खारट. "मीठ टाकलं का, कोणाले विचारू? आठवत नाही, मंग पुन्हा टाकतो," ते म्हणाले. "दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलतो. शटर खाली केलं का तोंडही बंद." मी ती भाजी सगळी खाल्ली. 

शेवटी युक्तिवादाचा दिवस आला. काउंटरवरचं ते वाक्य दवाखान्याने नाकारलं नाही. पण त्यांचे वकील म्हणाले, "'आपले' हा नुसता सौजन्याचा शब्द आहे. रिक्षावालासुद्धा म्हणतो, बसा, आपलीच गाडी आहे." अस्सा संताप आला मला! मी उठले. "मग रिक्षा उलटल्यावर बसणाऱ्याला सांगायचं का, गाडी भाड्याची होती? भोयरांनी डॉक्टर निवडले नाहीत, ते दवाखान्याच्या दारात आले. डॉक्टर दवाखान्यानेच बोलावले. आतला करार बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला दिसणार कसा?"

आयोगाने तेच धरलं. डॉक्टर पगारी नसले तरी रुग्णासाठी ते दवाखान्याचेच, आणि त्यांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी दवाखान्याला झटकता येणार नाही. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "म्हणजे डॉक्टर त्यायचेच होते?"

"कायद्याने, हो."

"कायद्यानं नको. तसं सांगा."

"होते, काका. तुम्ही ताईंना खरंच सांगितलंत."

ते तिथेच हमसून हमसून रडले, शर्टाच्या बाहीने तोंड पुसत. मग एकदम घाईला आले. "चला, निघतो, घरी सांगतो." दोन पावलं गेले आणि थांबले. "कोणाले सांगू पण?" ते म्हणाले. मी त्यांना सीताबर्डीच्या बसस्टँडवर सोडायला गेले. 

त्यानंतर त्यांचा 'इथले का बाहेरचे' हा प्रश्न बंद झाला. रविवारी फोन येऊ लागला. "सहजच केला जी. तुमच्याकडे ऊन कसं हाय?" पारशिवनीचं ऊन आणि नागपूरचं ऊन असं कितीसं वेगळं असणार! बोलणं लगेच संपायचं, पण फोन ते ठेवत नसत. मग मीही ठेवत नसे. पलीकडे त्यांच्या घरातला पंखा तेवढा ऐकू यायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या नंबरवरून फोन आला, तोही भलत्याच वारी. मी म्हटलं, "बोला काका." पलीकडे बाईचा आवाज होता. पारशिवनीच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. "बाबा सकाळी गेले जी. छातीत दुखते म्हणून एकटेच चालत आले होते. मोबाइलात शेवटचा फोन तुमालेच हाय. 'आपली वकील' असं नाव हाय. कोणाले तरी बोलवाले लागते. तुमी घरच्या का बाहेरच्या?"

त्यांची केस केव्हाच निकाली निघाली होती. वकीलपत्र संपलं होतं. नातं तर काहीच नव्हतं.

"घरचीच," मी म्हटलं. "निघतेच आहे. त्यांना एकटं ठेवू नका."