सातवी पायरी

तिला सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे मोजणीबाई. तिला ते ठाऊक होतं आणि ती कधी चिडली नाही, कारण तिचा सगळा जन्मच मोजण्यात गेला होता. इस्पितळाच्या तळमजल्यावर, चादरी धुण्याच्या खोलीला लागून तपासणीची प्रयोगशाळा होती. तिथे सव्वीस वर्षं ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. गाठीचा पातळ काप काचेवर यायचा. त्याला रंग दिला, की वाढीला लागलेल्या पेशी तपकिरी दिसायच्या, बाकीच्या निळ्या. शंभरात तपकिरी किती, एवढंच सांगायचं. पण त्या एका आकड्यावर वरच्या मजल्यावर ठरायचं, की पेशंटला गोळ्या पुरतील की कडक औषध द्यायचं.

मग ते सॉफ्टवेअर आलं. फुकट. कुठल्या कुठल्या भल्या माणसांनी फावल्या वेळात घडवलेलं, आत काय चालतं ते कुणालाही उघडून बघता येणारं. स्लाइडचा फोटो द्यायचा, ते ठिपके मोजून द्यायचं. बाईने ते आपलं आपण शिकून घेतलं, आणि शिकताना अशी वैतागली की विचारू नका. सोबतची माहिती लिहिणाऱ्याने जणू स्वतःलाच समजावण्यासाठी लिहिली होती. “शिकवायचं तर समोर कोण बसलंय ते आधी बघावं माणसाने!” असं म्हणून तिने स्वतःच धडे लिहायला घेतले. एकाच कामाचे तीन. एक डॉक्टरांसाठी, त्यात ‘का’ जास्त. एक प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी, त्यात बडबड कमी. आणि एक नवख्यांसाठी, म्हणजे माऊस धरतानाच ज्यांना घाम फुटतो त्यांच्यासाठी. जेवणाच्या सुट्टीत एका हाताशी डबा, दुसऱ्या हाताशी कीबोर्ड, अशी चार वर्षं गेली. ते धडे हजारोंनी उतरवून घेतले. कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांतून आभाराची पत्रं यायची आणि बाई ती धाकटीला फोनवर वाचून दाखवायची.

धाकटी म्हणजे तिची बहीण. अकरा वर्षांनी लहान, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आई गेल्यापासून हिनेच तिच्या वेण्या घातल्या, हिनेच तिला शाळेत सोडलं. मोजणीबाईला स्वतःचं लेकरू नव्हतं. जे काय होतं ते हेच.

आता नीट ऐका, कारण पुढे घोडं पेंड खातं ते इथेच. नवख्यांचा धडा तिने आधी चष्मेकाकांवर करून पाहिला. काका तिच्याच खोलीत, निवृत्तीला आलेले, भारी प्रामाणिक. चष्मे दोन, एक डोळ्यांवर, एक कपाळावर, आणि हवा तो कधी सापडायचा नाही. सहा पायऱ्या काकांनी झरझर केल्या. सातवीला अडले. सातव्या पायरीत पडद्यावर एक पट्टी सरकवायची असते. किती गडद ठिपका तपकिरी धरायचा, ते ती पट्टी ठरवते. डॉक्टरांच्या धड्यात बाईने तिच्यावर अर्धं पान खर्ची घातलं होतं, की दर स्लाइडचा रंग वेगळा उतरतो, तेव्हा दर वेळी डोळ्यांनी बघून पट्टी लावा.

“बाई, बघून म्हणजे नक्की काय बघू?” काका कळवळून म्हणाले. “किती ठेवू तेवढं सांगा ना. मी तेवढीच ठेवीन.”

तीन दिवस ती समजावत राहिली. चौथ्या दिवशी तिने हात टेकले आणि लिहून टाकलं, ‘पट्टी १४० वर ठेवा.’ सरावाच्या स्लाइडला तो आकडा अगदी बरोबर होता. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्या पानाला प्लास्टिक चढवून ते भिंतीवर चिकटवलं. “धडा असा पाहिजे, की डोळे झाकून करता आला पाहिजे,” असं बाई येईल त्याला सांगायची. काय बाई बोलून गेली!

दोन वर्षांनी धाकटीच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि तिची स्लाइड त्याच खोलीत, त्याच टेबलावर आली. आपल्या माणसाची स्लाइड आपण मोजायची नाही, असा तिथला नियम. तसं पाहिलं तर सव्वीस वर्षांत तो नियम दोनचारदा मोडलेला तिने पाहिला होता. पण तिची छातीच होईना. तिने स्लाइड काकांपुढे सरकवली. “काका, तुम्हीच करा. धड्यात आहे तसं करा, एक पायरी गाळू नका.”

काकांनी एकही पायरी गाळली नाही.

सहा टक्के. बाई खुर्चीतून उठून जिन्यापर्यंत अक्षरशः धावली. सहा टक्के म्हणजे गोळ्या पुरे, कडक औषध नको. धाकटी फोनवर रडली, हसली, मग म्हणाली, “ताई, तुझ्या त्या धड्याला माझ्यातर्फे शंभरपैकी शंभर.”

चौदा महिने बरे गेले. मग धाकटीची पाठ दुखायला लागली. फळ्यावर लिहिताना हात वर जाईना. आजार मणक्यात पोचला होता.

सहा टक्केवालीचं असं कसं झालं, हे तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना कळेना. मोजणीबाईलाही कळेना, पण तिला एकदाही आपल्या धड्याची शंका आली नाही. माणूस दुसऱ्याच्या चुका बरोबर हुडकतो हो, स्वतःची बघायला मात्र कुणीतरी परकं यावं लागतं. त्याच आठवड्यात कुठल्याशा प्रयोगशाळेतून एक प्रश्न आला. ‘बाई, सातव्या पायरीत १४०च का? आमचा रंग फिका उतरतो. त्या आकड्याने निम्मे ठिपके गळतात.’

तिने ते एकदा वाचलं. ती उठली, जुन्या स्लाइडच्या पेट्यांच्या कपाटाशी गेली आणि धाकटीची स्लाइड काढून आणली. प्रकाशाशी धरल्यावर नुसत्या डोळ्यांना दिसत होतं: रंग फिका होता. त्या आठवड्यात रंगाची बाटली तळाला गेलेली असणार. तिने फोटो घेतला, पट्टी १४० वर ठेवली. सहा. पट्टी पुढे सरकवली. अकरा. एकोणीस. आणखी सरकवली. मग सॉफ्टवेअर बंद केलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि जुन्या रीतीने, बोटाखालचं यंत्र खटखट दाबत एकेक पेशी मोजली.

तेहेतीस.

काका मागे उभे होते. त्यांनी यंत्रावरचा आकडा वाचला, मग भिंतीवरचं पान वाचलं. “मी तर जसंच्या तसं केलं हो, बाई.”

“तुमचं काही चुकलं नाही, काका. मी चुकीचं शिकवलं.”

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कडक औषध दिलं असतं तर वाचली असती का, असं बाईने विचारलं. त्या म्हणाल्या, “कदाचित हो, कदाचित नाही. हे आता कुणालाच सांगता येणार नाही.” एवढं बोलून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात बाईला सोसवेना.

मग बाई आणि काका दोघांनी मिळून ते पान भिंतीवर लागल्यापासूनच्या सगळ्या स्लाइड पुन्हा मोजल्या. दोनशे बारा होत्या. नऊ चुकल्या होत्या. आठ जणांना डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. नववीकडे मोजणीबाई स्वतः गेली.

धाकटी पलंगावर उशांना टेकून मुलांच्या वह्या तपासत होती. शाळेने नको म्हटलं होतं, तरी हिने हट्टाने मागवून घेतलेल्या. बाईने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पट्टी, १४०, सहा, तेहेतीस. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही.

धाकटीने हातातल्या लाल पेनला टोपण लावलं.

“तू मोजली असतीस तर?”

“तर चुकलं नसतं.”

“मग का नाही मोजलीस?”

“नियम होता.”

“नियम!” धाकटी चिडून म्हणाली. “घाबरलीस, ताई. खरं बोल.”

“घाबरले,” बाई म्हणाली, आणि तिथेच जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडली. धाकटीने तिला उठवलं नाही. जवळही घेतलं नाही. रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, “पहिलीच्या पोरांना बेरीज शिकवताना मी उत्तर फळ्यावर लिहीत नाही गं. लिहिलं की पोरं बेरीज करतच नाहीत. तू इतकी हुशार, आणि तू उत्तरच लिहून ठेवलंस.”



आठवड्याने धाकटीचा निरोप आला, लॅपटॉप घेऊन ये. बाईने सातवी पायरी नव्याने लिहिली होती. आकडा काढला होता. तीन फोटो टाकले होते, गडद, मध्यम, फिका, आणि प्रत्येकात काय बघायचं ते चार चार ओळींत. धाकटी म्हणाली, “माझ्यावर करून बघ. माझ्याहून नवखं तुला कोण मिळणार? आणि सरावाची नको, माझीच स्लाइड लाव.”

“कशाला गं...”

“लाव म्हणते ना.”

धाकटीने एकेक पायरी मोठ्याने वाचत केली. सातवीला थांबली. पट्टी मागे घेतली, पुढे नेली, पडद्याला नाक लावून बघितलं. “ही फिकट आहे ती धरू?”

“कडा दिसते का?”

“दिसते.”

“मग धर.”

दुपार गेली त्यात. मधे दोनदा धाकटी थकून आडवी झाली, पुन्हा उठली. शेवटी तिने आकडा वाचला. बत्तीस. “एक चुकले वाटतं,” ती म्हणाली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खुदकन हसली. “पण पोरांना कळेल असा झालाय हा. राहू दे.”

त्याच रात्री जुन्या धड्याच्या जागी बाईने हा नवा सगळ्यांसाठी चढवला. त्यानंतर दहाव्या आठवड्यात धाकटी गेली.

मोजणीबाई कामावर परतली तेव्हा काकांनी भिंतीवरचं पान काढून टाकलेलं होतं, चिकटपट्टीचे चार डाग तेवढे राहिले होते. ती जागेवर बसली, साठलेली पत्रं उघडली. सगळ्यात वरचं एका अनोळखी तंत्रज्ञाचं होतं. ‘बाई, नवा धडा अवघड झालाय. जुना फार सोपा होता, डोळे झाकून करता यायचा. पट्टी किती ठेवायची तेवढं सांगा, बाकी आम्ही करतो.’

तिने ते काकांना वाचून दाखवलं. काकांनी दोन्ही चष्मे काढले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाईने उत्तर लिहिलं. ‘जुन्या धड्यात आकडा होता. त्या आकड्याने माझ्या बहिणीचे शंभरात सत्तावीस ठिपके गाळले. ती आता नाही. तुमच्यासमोर जी स्लाइड आहे ती कुणाची आहे, ते तिच्या कडेला लिहिलेलं असेल. आधी ते वाचा. मग फोटो पाठवा, आपण दोघं मिळून बघू.’

दहा मिनिटांनी फोटो आला. फार फिका होता. बाईने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात केली.